रूबेच्या रस्त्याची बखर

फ्रान्सच्या उत्तर टोकास, बेल्जियमच्या सरहद्दीला लागून, रूबे नावाचे गिरण्यांचे गाव आहे. लोकरीच्या सुताने व कापडाने एकोणिसाव्या शतकात ते इतके भरभराटीस आले की त्याला फ्रान्सचे मँचेस्टर म्हणत. ज्यांना लालबाग-परळची जुनी आठवण आहे, त्यांना या गावाचे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास सायास पडू नयेत. उंच धुरांडी, विटांच्या बुटक्या घरांच्या रांगा, भोंग्याबरोबर रस्त्यावर लोटणारी माणसे, आणि पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्यावर आलेली ती अवकळाही. आज मात्र जगात जे कोणी रूबेचे नाव घेतात ते कापडासाठी घेत नाहीत. दरवर्षी एप्रिलमधील एका रविवारी पॅरिसच्या बाजूने निघालेले धंदेवाईक सायकलस्वार सुमारे २६० किलोमीटरची मजल एका दिवसात मारून या गावी पोचतात. त्यांतील पन्नासाहून अधिक किलोमीटर वाट शेतांमधून जाणाऱ्या ओबडधोबड दगडी चिऱ्यांची असते. पाऊस असला तर चिखल, नसला तर धूळ, आणि दोन्ही वेळी हातापायांची सालपटे. या पॅरिस-रूबे शर्यतीला ‘उत्तरेचा नरक’ असे दुसरे नाव आहे, आणि ते त्या चिऱ्यांमुळेच पडले असणार असा समज सार्वत्रिक आहे.

सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली त्यांना ठाऊक असते की, फाईलीवर विषय एकदा लिहिला गेला म्हणजे तो पुसला जात नाही. आतली कागदपत्रे बदलतात, मूळ प्रकरण निकालात निघते, नवे प्रकरण त्याच फितीत बांधले जाते, पण वरचा मथळा तोच राहतो. दहा वर्षांनी येणारा कारकून तो मथळा वाचून आतल्या कागदांचा भलताच अर्थ लावतो. ‘उत्तरेचा नरक’ या मथळ्याचे असेच झाले आहे. मूळ कागद चाळून पाहिले तर त्यात दगडांचा उल्लेख गौण आहे. मुख्य प्रकरण निराळेच आहे.

आरंभ अर्थातच व्यापारी होता. तेओदोर व्हिएन आणि मॉरिस पेरेझ हे रूबेचे दोन गिरणीमालक. त्यांनी १८९५ साली गावात सायकल-शर्यतींसाठी एक वर्तुळाकार धावपट्टी बांधली आणि तिचा बोलबाला व्हावा म्हणून पॅरिसहून निघून तिच्यावर संपणारी शर्यत भरवावी, अशी कल्पना काढली. ‘ल व्हेलो’ या पॅरिसच्या क्रीडापत्राला त्यांनी तसे पत्र धाडले. त्या काळी बोर्दो ते पॅरिस ही जवळजवळ ६०० किलोमीटरची शर्यत प्रतिष्ठेची मानीत. तिच्या आधी काही आठवडे ही रूबेची शर्यत झाली तर स्वारांना सराव होईल, आणि बोर्दोच्या गड्यांना ती म्हणजे पोरखेळ वाटेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. पोरखेळाची वाट पाहून येण्यासाठी वर्तमानपत्राने व्हिक्तोर ब्रेयर या आपल्या माणसास पाठविले. आमियांपर्यंत तो मोटारीने सुखाने गेला. दुसऱ्या दिवशी उरलेली वाट त्याने सायकलीवर तुडविली, तीही थंडी-पावसात. रूबेस पोचला तेव्हा तो चिखलाने माखलेला व इतका गलितगात्र झालेला होता की, हा वेडेपणा तत्काळ रद्द करा अशी तार पॅरिसला करण्याचा त्याने निश्चय केला. मात्र रात्री गरम जेवण झाले, झोप झाली, आणि तार राहून गेली. जेवणानंतर मत बदललेला हा काही जगातील पहिला पाहणी-अधिकारी नसावा.

पहिली शर्यत १९ एप्रिल १८९६ रोजी झाली. ईस्टरच्या दिवशी ती घेण्याचा विचार होता, पण स्वार आणि प्रेक्षक दोघेही त्या पवित्र दिवशी प्रार्थनेस मुकतील, म्हणून धर्मोपदेशकांनी हरकत घेतली आणि तारीख पुढे गेली. दुसऱ्या वर्षी मात्र ती ईस्टरच्याच दिवशी भरली. नाव नोंदवलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्या दिवशी आलेच नाहीत. २८० किलोमीटर अंतर योझेफ फिशर या जर्मनाने ९ तास १७ मिनिटांत तोडले. त्याला मिळालेले १००० फ्रँकांचे बक्षीस त्या काळच्या खाणकामगाराच्या सुमारे सात महिन्यांच्या मजुरीइतके होते. तिसरा आला मॉरिस गारँ, जो पुढची दोन वर्षे जिंकला आणि १९०३ साली फ्रान्सभर फिरणाऱ्या ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीचा पहिला विजेता ठरला. लहानपणी तो धुरांडी साफ करणारा पोऱ्या होता, आणि रूबेत त्याचे सायकलींचे दुकान होते.

या साऱ्या आरंभकाळात दगडी चिरे होतेच, पण त्यांचे कोणास अप्रूप नव्हते. उत्तरेकडचे हमरस्ते तसेच असत. बीट, कोळसा आणि कापड वाहणाऱ्या जड गाड्यांखाली साधा मातीचा रस्ता त्या ओल्या मुलखात टिकत नसे, म्हणून चिरे बसविलेले. स्वार शक्य तितके कडेच्या पायवाटेने जात आणि नाइलाज झाला तरच दगडांवर चढत. ज्या रस्त्याने रोज गाडीवान जातो त्याला नरक म्हणण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

१९०९, १९१० आणि १९११ अशी सलग तीन वर्षे ओक्ताव्ह लापीझ जिंकला. १९१२ आणि १९१४ साली शार्ल क्रुपलां जिंकला. हा रूबेच्या शेजारच्या वात्रलो गावी जन्मलेला, अगदी घरचा गडी. मधल्या १९१३ साली लक्झेंबुर्गचा धिप्पाड फ्रांस्वा फाबेर जिंकला. एवढी नावे आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले, आणि शर्यतीची वाट जिथून जाई त्याच मुलखातून दोन्ही सैन्यांचे खंदक खणले गेले. फाबेर फ्रान्सच्या परकीय पलटणीत दाखल झाला आणि ९ मे १९१५ रोजी अरास शहराच्या उत्तरेस पडला. ज्या अरासमधून दोन वर्षांपूर्वी तो विजयाच्या वाटेवर गेला होता, तेथून हे ठिकाण काही कोसांवर आहे. लापीझ वैमानिक झाला. १४ जुलै १९१७ रोजी, फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी, त्याचे विमान पाडले गेले.

खुद्द रूबे १९१४ च्या ऑक्टोबरपासून १९१८ च्या ऑक्टोबरपर्यंत, पुरी चार वर्षे, जर्मनांच्या ताब्यात होते. गिरण्यांतील माल आणि यंत्रे उचलून नेली गेली. १९१६ साली, त्याच ईस्टरच्या सुमारास, लील, रूबे आणि तुर्कुआं या तीन शहरांतून वीस हजारांच्या आसपास माणसे घरांतून काढून दूरच्या शेतांवर सक्तीच्या कामाला धाडण्यात आली. त्यांत तरुण मुलींचा भरणा फार मोठा होता. गिरणीगावाच्या लोकांच्या मनात ईस्टरची ही आठवण शर्यतीच्या आठवणीशेजारी बसली असेल, अशी कल्पना आम्ही केली तर ती वावगी ठरू नये.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थांबल्या. त्यानंतर पाच महिन्यांतच, २० एप्रिल १९१९ रोजी, ईस्टरच्या रविवारी शर्यत पुन्हा भरवावयाचे ठरले. ‘ल व्हेलो’ बंद पडून आता ‘लोतो’ नावाचे पत्र शर्यतीचे धनी झाले होते. वाट शिल्लक तरी आहे काय, हे पाहण्यासाठी त्याची माणसे पॅरिसहून मोटारीने निघाली. प्रारंभी विशेष काही दिसले नाही. पॅरिसजवळची गावे गावांसारखीच होती. पुढे मात्र उत्तरेकडे एक एक मैल जावे तसतसे उभे झाड दिसेना, उभी भिंत दिसेना. कुजलेल्या जनावरांची दुर्गंधी, पाणी साचलेले तोफगोळ्यांचे खड्डे, काटेरी तारा, आणि मध्येच मातीवर उभे केलेले लाकडी क्रूस, एवढेच त्या प्रदेशात उरले होते. परतल्यावर त्यांनी जे लिहिले त्यात ‘उत्तरेचा नरक’ हे शब्द आले. ते शब्द भूमीला उद्देशून होते. ज्यांनी तिला ती दशा आणली त्यांच्याविषयी त्यात संताप होता, आणि जे तिच्यात पुरले गेले त्यांच्याविषयी शोक होता. सायकलीच्या चाकाला दगड किती टोचतो, हा मुद्दा त्यात दुय्यम होता.

तरीही शर्यत झाली. आंरी पेलिसिये जिंकला. २८० किलोमीटरला त्याला १२ तास १५ मिनिटे लागली. १८९६ साली फिशरने तेवढेच अंतर तासाला ३० किलोमीटरच्या वेगाने काटले होते. तेवीस वर्षांनी, सुधारलेल्या सायकलीवर, त्याहून सरस स्वाराचा वेग तासाला २३ किलोमीटरही भरला नाही. इतकी संथ पॅरिस-रूबे तिच्या आगेमागे कधीच झाली नाही. युद्धाने रस्त्याचे काय केले याचा याहून नेमका पुरावा कोणत्याही खात्याच्या अहवालात मिळणे कठीण. वाटेत एका फाटकावर आगगाडी आडवी उभी होती. पेलिसिये आणि त्याचे सोबती सायकली उचलून डब्याच्या एका दाराने चढले आणि पलीकडच्या दाराने उतरून पुढे निघाले, असे सांगतात. ही शर्यत नव्हती, यात्रा होती, अशा अर्थाचे उद्गार पेलिसियेच्या नावावर आहेत. पंढरीची वाट चालणाऱ्यांच्या देशात ते उद्गार समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे थोडे आडवाटेला जाणे आम्हांस भाग आहे, कारण त्या नरकात आपलीही माणसे होती. रूबेपासून सरळ रेषेत तीस किलोमीटरवर, लीलच्या नैर्ऋत्येस, नव् शापेल नावाचे खेडे आहे. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ते खेडे जर्मनांकडून परत घेण्यासाठी ४७ व्या शीख पलटणीबरोबर जे लोक चालून गेले, ते खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपनीचे होते. पूल बांधणे, खंदक खणणे हे ज्यांचे काम, त्या खडकीच्या पलटणीतील मराठे, शीख आणि मुसलमान त्या दिवशी संगिनी लावून घराघरांतून, अंगणाअंगणांतून लढले. त्यांचे बहुतेक सर्व अधिकारी मेले किंवा जखमी झाले, आणि अखेर कुमक न आल्याने हाती आलेले गाव सोडावे लागले. १९१५ च्या मार्चमध्ये त्याच खेड्यापाशी पुन्हा मोठी लढाई झाली. तेथे आज हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. ज्यांना थडगे मिळाले नाही अशा सुमारे ४७०० जणांची नावे त्यावर कोरलेली आहेत. १९२७ साली त्याचे उद्घाटन झाले. त्याचा आराखडा हर्बर्ट बेकर याचा. दिल्लीच्या ज्या सचिवालयाच्या लांबलचक ओवऱ्यांतून आमच्यासारख्यांच्या कित्येक पिढ्यांनी फायली वाहिल्या, ते बांधणारा बेकर हाच.

असो. १९१९ नंतर गावे उठून बसली, शेते नांगरली गेली, झाडे वाढली. बेवारस झालेले ‘नरक’ हे नाव रस्त्यावर पडून राहिले, आणि हळूहळू ते चिऱ्यांना चिकटले. दुसऱ्या महायुद्धात १९४० ते १९४२ अशी तीन वर्षे शर्यत झाली नाही. १९४३ मध्ये जर्मनांच्या अमलातच ती पुन्हा सुरू झाली.

१९४९ चा निकाल मात्र आमच्या वाचकांच्या खास आवडीचा ठरावा, कारण त्यात शर्यत एक दिवस आणि प्रकरण सात महिने चालले. आंद्रे माए आणि त्याचे दोन सोबती सर्वांच्या पुढे रूबेच्या धावपट्टीपाशी आले. तेथे उभ्या असलेल्या कोणा अधिकाऱ्याने त्यांना चुकीच्या दिशेला वळविले. बाहेरून फेरी घालून, भलत्याच दाराने आत शिरून माए पहिला आला. मागून योग्य दाराने आलेल्या घोळक्यात सेर्से कोप्पी पुढे होता. त्याचा भाऊ फाउस्तो कोप्पी हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ स्वार. माए याने नेमून दिलेली वाट पुरी केली नाही, म्हणून तक्रार करावी, असे त्याने भावास सुचविले. मग अर्ज झाले, अपिले झाली, निकाल फिरला, पुन्हा फिरला. अखेर नोव्हेंबरमध्ये सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघाने दोघांनाही पहिला क्रमांक दिला. चूक ज्या अधिकाऱ्याने केली त्याचे नाव विजेत्यांच्या यादीत कोठेच नाही, हे ओघानेच आले. सेर्से कोप्पी पुढे १९५१ साली दुसऱ्या एका शर्यतीत पडून मरण पावला. त्याच्या वाट्याला आलेला सर्वांत मोठा विजय म्हणजे हा अर्धा विजय होय.

याच सुमारास शर्यतीवर खरे संकट आले, आणि ते सुबत्तेचे होते. उत्तर फ्रान्समधील गावे रस्त्यांवर डांबर घालू लागली. त्यांत गैर ते काय? दूध वाहणारी गाडी दगडांवर उसळू नये, प्रसूतीसाठी निघालेल्या बाईला हिसके बसू नयेत, असे कोणत्या गावकऱ्यास वाटणार नाही? १९६० पासून शर्यत दूरचित्रवाणीवर प्रत्यक्ष दिसू लागली, तेव्हा तर नगराध्यक्षांना अधिकच घाई झाली. आपल्या गावचा मागासलेला रस्ता साऱ्या देशाने पाहावा हे कोणालाच रुचेना. १९६५ साली चिऱ्यांचा रस्ता अवघा २२ किलोमीटर उरला. गुळगुळीत डांबरावरून शर्यत घोळक्याने वाहत जाऊ लागली, आणि पॅरिस-रूबे ही कोणत्याही इतर शर्यतीसारखी होऊ लागली.

तेव्हा आल्बेर बूवे हा आयोजकांचा माणूस वाईट रस्ते शोधण्याच्या कामगिरीवर निघाला. पूर्वी ब्रेयर वाट चांगली आहे काय, हे पाहण्यास गेला होता. आता त्याच्या वारसास वाट पुरेशी वाईट आहे काय, हे पाहावयाचे होते! या शोधात त्याला जाँ स्ताब्लिन्स्की याने एक वाट सुचविली. स्ताब्लिन्स्की हा पोलंडहून आलेल्या आईबापांचा मुलगा. पोरवयातच तो आरंबेर येथील कोळशाच्या खाणीत उतरला होता, आणि नंतर सायकलीच्या बळावर वर येऊन १९६२ साली जगज्जेता झाला. ज्या खाणीत त्याने काम केले तिच्या वरच्या रानातून चिऱ्यांची एक सरळ, ओली, शेवाळलेली वाट जात होती. १९६८ साली ती प्रथम शर्यतीत आली आणि त्या वर्षी एडी मर्क्स जिंकला. आरंबेरच्या रानाखालून आणि रानावरून, दोन्हीकडून गेलेला स्वार मी एकटाच, असे स्ताब्लिन्स्की म्हणत असे. ती सुमारे अडीच किलोमीटरची वाट आज या शर्यतीचे सर्वांत विख्यात ठिकाण आहे. १९९८ साली योहान म्युसेऊ तेथे पडला, त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली आणि पाय जाण्याची वेळ आली. दोन वर्षांनी तो जिंकला तेव्हा अंतिम रेषेवर त्याने तो पाय उचलून गुडघ्याकडे बोट दाखविले. खाण १९८९ साली बंद झाली.

वाईट रस्ते पॅरिसपासून दूर होते, म्हणून शर्यतीची सुरुवातच उत्तरेकडे सरकली. १९६६ साली शांतिई आणि १९७७ पासून कोंपिएन्य. म्हणजे गेली कित्येक दशके पॅरिस-रूबे पॅरिसहून निघतच नाही. येथेही मथळा तसाच आहे. १९७७ पासून विजेत्यास चषकाऐवजी एक दगडी चिरा देतात. ‘पॅरिस-रूबेचे मित्र’ या नावाची एक मंडळी दरसाल निखळलेले चिरे बसविते, चर काढते, गवत खुरपते, पण वाट सपाट मात्र होऊ देत नाही. कधीकाळी आपले चिरे लपविणाऱ्या गावांचे नगराध्यक्ष, आमच्याकडे अजून एक खराब रस्ता आहे, असे आयोजकांना आपण होऊन कळवू लागले. हौशी लोक आठवण म्हणून चिरे उपटून नेतात, त्यांची भरपाई ही मंडळी करते. बांधकाम खात्यात असलेले आमचे स्नेही हे ऐकून काय म्हणतील, ते आम्ही लिहीत नाही.

आम्हांस या सर्वांत एक खंत वाटते, ती सांगून टाकतो. चिरे जपले गेले याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. तो त्या मुलखातील बीट पिकवणाऱ्यांचा आणि कोळसा काढणाऱ्यांचा रस्ता आहे, आणि शर्यत नसती तर तो आज डांबराखाली गेला असता. परंतु ‘नरक’ हा शब्द आता दूरचित्रवाणीवरील वर्णनकार दर पाच मिनिटांनी उच्चारतात आणि त्याचा अर्थ फुटलेली चाके एवढाच उरतो. फाबेर जिथे पडला ते ठिकाण, खडकीच्या सॅपर्सनी लढविलेले खेडे, ईस्टरच्या दिवसांत घरांतून ओढून नेलेल्या मुली, यांच्यासाठी योजलेला शब्द खेळाच्या साहसाला बहाल झाला. २०२१ साली स्त्रियांची पॅरिस-रूबे प्रथमच झाली. इंग्लंडची लिझी डाइग्नन एकटी पुढे निघून जिंकली तेव्हा तिच्या सायकलीच्या मुठींवर रक्त होते. बक्षीस मात्र १५३५ युरो. पुरुष विजेत्याला त्या वर्षी ३०००० होते. तिच्याही वर्णनात ‘नरक’ होताच. तिचे रक्त खरे, कष्टही खरे, तरीही तो शब्द तिच्यासाठी घडविलेला नव्हता.

शर्यत १९४३ पासून ज्या धावपट्टीवर संपते तिच्या शेजारी जुन्या न्हाणीघरात सिमेंटच्या बुटक्या आडोशांच्या रांगा आहेत. प्रत्येक आडोशावर एकेका जुन्या विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी लावलेली आहे. चिखलाने माखलेले स्वार लापीझच्या, फाबेरच्या नावाखाली अंग धुतात.

त्या धावपट्टीच्या अगदी अलीकडे, रूबे गावातच, चिऱ्यांचा शेवटचा तुकडा लागतो. तो अवघा ३०० मीटरांचा आहे. शर्यतीच्या शताब्दीनिमित्त १९९६ साली तो नव्याने घालण्यात आला, म्हणून सारा सपाट, बिनधोक, आणि मध्ये मध्ये विजेत्यांची नावे कोरलेले दगड. त्याला नाव दिले आहे शार्ल क्रुपलां याचे, १९१४ च्या शेवटच्या शांततेच्या एप्रिलमध्ये जिंकलेल्या त्या घरच्या गड्याचे. तो युद्धात लढला, जखमी झाला, शौर्यपदक मिळवून परत आला. पुढे कसल्याशा गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली आणि सायकल-संघाने त्याला शर्यतींतून जन्मभरासाठी बाद केले. १९१९ साली पेलिसिये रूबेत शिरला तेव्हा मागच्या वेळचा विजेता असूनही क्रुपलां शर्यतीत नव्हता. १९५५ साली तो रूबेतच वारला. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि दोन्ही पाय कापलेले होते.